पहिल्यांदाच घर घेतोय: समोरच्याला आकडा किती आणि कसा सांगावा? (जळगाव)

पहिलं_घर | रविवार, रात्री 10:20

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर भुसावळला रेल्वेत. लग्नाला नऊ वर्षं झाली, चार भाड्याची घरं बदलली. आता जळगावात पिंप्राळ्याकडे एक घर मनात भरलंय. 1500 चौरस फुटांचा प्लॉट, त्यावर साधारण 900 फुटांचं बांधकाम, 1996 सालचं. मागे कडुलिंब आहे. मुलीने तर तिची खोलीसुद्धा ठरवून टाकली आहे.

विकणारे काका 38 लाख म्हणतात. आमच्याकडे साठवलेले 11 लाख आहेत आणि बँकेने 28 लाखांपर्यंत कर्ज मंजूर केलंय. एजंट सांगतो की नाशिकची एक पार्टी घर बघून गेली आहे, म्हणून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर दोन लाख देऊन सौदापावती करून टाका. आखाजीला तीन आठवडे उरलेत.

आमच्या दोन्ही घरांत आजवर कुणी घर विकत घेतलेलं नाही. सासरचं वडिलोपार्जित, माहेरचं पण तसंच. त्यामुळे विचारायला घरात कुणी नाही. मी 36 म्हणू का? की थेट 34? फार कमी सांगितलं तर काका नाराज होऊन बोलणंच बंद करतील, याची भीती वाटते.

तापीकाठ | रविवार, रात्री 11:05

ताई, अभिनंदन. मी बँकेत कर्जविभागात 22 वर्षं काढली, आता निवृत्त. आकड्याचं नंतर बोलू, आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो फार जणांना महागात पडतो.

28 लाख मंजूर झाले म्हणता ते तुमच्या पगारावर, या घरावर नव्हे. घर ठरलं की बँकेचा वकील कागद बघतो आणि मूल्यांकक घर बघतो. खरेदीची किंमत आणि मूल्यांककाची किंमत यांत जी कमी असेल ती बँक धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के मिळू शकतात, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्के. बँक यापेक्षा कमीही देऊ शकते. आणि मुद्रांक, नोंदणी फी यांचा खर्च या किमतीत धरत नाहीत, तो तुमच्या खिशातून.

म्हणजे समजा 38 ला सौदा केला आणि मूल्यांककाने 32 काढले, तर मधले सहा लाख तुम्हालाच उभे करायचे. तेही दोन लाख विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देऊन बसल्यावर.

आखाजीचा_झोका | सोमवार, सकाळी 7:15

नाशिकची पार्टी प्रत्येक घराला असते, ताई. आम्ही अमळनेरला घर घेतलं तेव्हा ती पार्टी पुण्याची होती. घर काही पयी जात नही. सण सणाच्या जागी, तुम्ही मन लावून पुरणपोळी करा.

दस्तऐवज | सोमवार, सकाळी 9:40

मी वकील आहे, धुळ्यात दिवाणी आणि मिळकतीची कामं बघते. पहिलं_घर, एकच प्रश्न: सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे? हे काका स्वतः मालक आहेत, की त्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर विकतायत? उतारा ऑनलाइन निघतो, पाच मिनिटांचं काम आहे. तो बघितल्याशिवाय 36 की 34 या प्रश्नाला अर्थ नाही.

केळीबाग_रावेर | सोमवार, दुपारी 1:30

माझं ऐका, कारण मी पोळलो आहे. 2019 मध्ये केळीचे पैसे हातात होते, मुलाच्या शिक्षणासाठी शहरात घर बघितलं. मालक गोड बोलणारा, घरात देव्हारा, बायको माऊली. तीन लाख विसार दिला. पावती दोन ओळींची: रक्कम मिळाली, तीन महिन्यांत खरेदीखत करू. बस.

बँकेच्या वकिलाने सांगितलं, ले-आउट मंजूर नाही, प्लॉट गुंठेवारीतला (शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेला) आहे आणि नियमितही केलेला नाही. कर्ज नामंजूर. मी पैसे मागायला गेलो तर मालक म्हणाला, तुमचं कर्ज झालं नाही ही तुमची अडचण, मुदतीत खरेदी केली नाही, विसार बुडाला. पावतीत कर्जाबद्दल अक्षर नव्हतं. दोन वर्षं चकरा मारून दीड लाख सुटले. उरलेल्यांवर पाणी सोडलं.

तीन लाख म्हणजे माझ्याकडे एका हंगामाची बचत होती. म्हणून सांगतो, पावती लिहिताना लाजू नका.

पहिलं_घर | सोमवार, रात्री 9:50

दस्तऐवज ताई, उतारा काढला. हात थरथरत होते. नाव काकांच्या वडिलांचं आहे आणि ते 2014 मध्ये वारले. एजंटला विचारलं तर म्हणाला, "अहो काका एकटेच राहतात तिथे, बाकीच्यांचा काही संबंध नाही, बहिणी हक्कसोड देऊन टाकतील." काकांची आई हयात आहे, एक भाऊ पुण्याला, एक बहीण चाळीसगावला आणि एक सुरतला.

दस्तऐवज | सोमवार, रात्री 10:30

हेच मला विचारायचं होतं. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या पश्चात आई, दोन्ही मुलगे आणि दोन्ही मुली, पाचही जणांचा सारखा हिस्सा. आज काका एकटे तुम्हाला पाचातला एक हिस्सा विकू शकतात, घर नाही.

याचा अर्थ घर सोडा असा नाही. खानदेशात निम्मी जुनी घरं अशीच अडकलेली दिसतात, आणि ती सुटतातही. वारस नोंद करायची, तिच्या नोटिशीला 15 दिवसांची मुदत असते. मग पाचही जण खरेदीखतावर सह्या करतात, किंवा ज्यांना सोडायचा आहे ते नोंदणीकृत हक्कसोडपत्र देतात. साध्या स्टॅम्पवरचं "आमची हरकत नाही" चालत नाही. मृत्युपत्र आहे का तेही लेखी विचारा. त्याशिवाय 30 वर्षांचा सर्च (जुन्या दस्तनोंदींची तपासणी), बिनशेतीचा आदेश, मंजूर ले-आउट, बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला, जमीन वर्ग 1 (मोकळेपणाने विकता येणारी) आहे की वर्ग 2 (विकायला सरकारी परवानगी लागणारी), घरपट्टीची बाकी. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यायला लावा.

आणि सौदापावतीने घर तुमचं होत नाही. तो फक्त करार असतो. मालकी नोंदवलेल्या खरेदीखतानेच येते.

सुरतवासी | मंगळवार, सकाळी 6:45

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. मी पारोळा तालुक्यातली, लग्नानंतर सुरतला. माहेरचं घर विकलं तेव्हा मला फोन आला, "गुरुवारी ये, एक सही आहे." कितीला विकलं, कुणाला विकलं, काही सांगितलं नाही. मी सही केली, भावाचं मन मोडायचं नव्हतं. पैशाचा प्रश्नच नव्हता. पण ज्या ओट्यावर मी झोका बांधायचे तो ओटा जातोय, हे मला दुय्यम निबंधकाच्या बाकावर बसल्यावर कळलं.

पहिलं_घर ताई, तुम्ही परक्या आहात, तरी त्या बहिणींशी बोला. त्यांना किंमत माहीत असू द्या. एजंट म्हणतो "देऊन टाकतील", ते त्यांच्या तोंडून ऐका. ज्या घरात एक बाई मनातून रडून गेली, त्या घरात तुमची मुलगी वाढायला नको.

पहिलं_घर | मंगळवार, सकाळी 7:30

सुरतवासी ताई, डोळ्यांत पाणी आलं. बोलते.

पांझरा | मंगळवार, सकाळी 11:10

मध्येच विचारतो. धुळ्यात देवपूरकडे नवीन फ्लॅट बघतोय, काम चालू आहे. बिल्डर बुकिंगला 20 टक्के मागतोय आणि करारनामा नंतर करू म्हणतो. हे बरोबर आहे का?

दस्तऐवज | मंगळवार, दुपारी 12:00

नाही. रेरा कायद्यानुसार (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदवलेला करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. प्लॉट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि आठपेक्षा जास्त घरं असतील तर प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. महारेराच्या संकेतस्थळावर क्रमांक टाका, ताबा कधीचा लिहिलाय ते बघा, आणि भाव कार्पेट एरियावर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) काढा. जुन्या घरांच्या खरेदीविक्रीला मात्र रेराचा आधार मिळत नाही, तिथे सगळी मदार कागदांवर.

तापीकाठ | मंगळवार, दुपारी 12:40

पांझरा, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 9 लाखांच्या आत आणि देशात कुठेही पक्कं घर नसेल तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 ची व्याज सवलत बघा. घर 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल तर पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के, एकूण जास्तीत जास्त 1.80 लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. पहिलं_घर यांचं उत्पन्न बहुधा वर जाईल.

काळी_माती | मंगळवार, रात्री 8:20

मी स्थापत्य अभियंता, काम जळगाव-भुसावळ पट्ट्यात. कागदांचं बोलून झालं, आता भिंतींचं.

आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच घराच्या पायाखाली चाललेलं असतं. पाया पुरेसा खोल नेला नसेल, जोत्याला बीम नसेल, तर घर दरवर्षी थोडं वर जातं आणि थोडं खाली बसतं. 1996 च्या सुमाराची बरीच घरं गवंड्याच्या अंदाजावर उभी आहेत.

काय बघायचं? खिडकी-दरवाजांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगा. गिलाव्याच्या केसासारख्या बारीक रेषांना घाबरू नका. पण भेग तिरपी असेल, आत आणि बाहेर एकाच जागी दिसत असेल आणि एका टोकाला रुंद होत गेली असेल, तर पाया हलतोय. नवीन रंग दिसला तर विशेष लक्ष द्या, फक्त एकाच भिंतीला रंग का दिला ते विचारा. दरवाजे घासतात का, फरशीला उतार आलाय का, भोवतीच्या फरसबंदीत आणि भिंतीत फट पडलीय का. आणि मागचा कडुलिंब: भिंतीपासून किती फुटांवर आहे? मोठं झाड उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतं, त्या कोपऱ्याची माती जास्त आकसते. झाड तोडा असं मी अजिबात म्हणत नाही, अंतर सांगा एवढंच.

घर दुपारी तीनला बघा. सकाळी नाही. आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो, पश्चिमेची भिंत आणि उघडा स्लॅब रात्री दहापर्यंत आग ओकतात. वरच्या स्लॅबला खालून हात लावा, पोपडे आणि गंजाचे डाग शोधा. आणि नळाला पाणी येतं त्या दिवशी, त्या वेळी जा. वाघूरचं पाणी शहराला येतं, पण त्या गल्लीच्या शेवटच्या घरात किती जोराने येतं ते शेजारीणच सांगेल. बोअर असेल तर मे महिन्यात चालते का, हे पण तिलाच विचारा.

पहिलं_घर | शुक्रवार, रात्री 10:15

बरंच काही घडलं, सगळं लिहिते.

काल तीन वाजता गेलो. पश्चिमेची खोली, जी मुलीने निवडली होती, तिथे उभं राहवेना. बैठकीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग आहे, बाहेरूनही दिसते. कडुलिंब भिंतीपासून 14 फुटांवर आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, पाणी येतं पण जोर नाही, सगळ्यांनी खाली टाक्या बांधल्यात. या घराला जमिनीखालची टाकी नाही.

सुरतच्या ताईंचा नंबर काकांकडूनच मागितला. आधी ते गप्प झाले, मग दिला. ताई अर्धा तास बोलल्या. त्यांना 38 चा आकडा माहीतच नव्हता! पण विरोध नाही. म्हणाल्या, हिस्सा नको, आईच्या नावावर काही रक्कम ठेवली तर आनंदाने सही करीन.

आता नवीन अडचण. एजंट म्हणतो, काकांना कागदावर 24 लाखच दाखवायचे आहेत, बाकी रोख.

तापीकाठ | शुक्रवार, रात्री 10:50

स्पष्ट नाही म्हणा. बँक 24 लाखांवर कर्ज देईल, 90 टक्के धरले तरी 21 लाख 60 हजार. उरलेले रोख तुम्ही कुठून आणणार? शिवाय मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. मुद्रांकही तुमचा आकडा आणि रेडीरेकनर (सरकारने ठरवलेला दर) यांत जो जास्त त्यावर लागतो, म्हणजे वाचेलच असं नाही. आणि उद्या सौदा फिसकटला तर रोख दिल्याचा पुरावा काय?

दस्तऐवज | शनिवार, सकाळी 8:30

सहमत. एक फायद्याचं सांगते: महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के आहे, खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर घराला 1 टक्का सवलत. दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. कर्जात मिस्टर सहकर्जदार राहू शकतात. नोंदणी फी 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही.

काळी_माती | शनिवार, सकाळी 9:10

आता आकडा काढू. त्या गल्लीत मोकळा प्लॉट काय भावाने जातोय? तीन माणसांना विचारा, एजंट सोडून. तेवढ्या बांधकामाला आज नवीन काय खर्च येईल त्याच्या निम्मं धरा, 30 वर्षांच्या जवळ आलेलं घर आहे. मग भेगेची दुरुस्ती, टाकी, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग वजा करा. 14 फूट अंतर ठीक आहे, झाड राहू द्या.

पहिलं_घर | शनिवार, रात्री 9:00

प्लॉटचा भाव तिघांनी मिळून 1,700 च्या आसपास सांगितला, म्हणजे साडेपंचवीस लाख. नवीन बांधकाम 1,800 रुपये फूट, निम्मं 900, म्हणजे 8 लाख 10 हजार. एकूण 33 लाख 60 हजार. दुरुस्तीचा अंदाज दोन लाख. म्हणजे 31 लाख 60 हजार? काकांना वाईट वाटेल हो. वडिलांनी बांधलेलं घर आहे.

केळीबाग_रावेर | शनिवार, रात्री 9:35

वाईट आकड्याने वाटत नाही, आकडा कसा आला ते न सांगितल्याने वाटतं. व्यापारी माझ्या केळीला भाव पाडून सांगतो तेव्हा राग येतो. तोच घड हातात घेऊन डाग दाखवतो तेव्हा मी ऐकतो. तुमचा हिशोबाचा कागद घेऊन जा आणि काकांच्या समोर ठेवा. एजंटमार्फत आकडा पाठवू नका.

दस्तऐवज | शनिवार, रात्री 10:10

आकड्यासोबत अटी त्याच दिवशी सांगा, नंतर नाही. पावतीत हे शब्द घाला, तुमच्या वकिलाकडून तपासून: "बँकेच्या वकिलाने अथवा मूल्यांककाने सदर मिळकत कर्जासाठी नाकारल्यास, किंवा ठरलेल्या तारखेपर्यंत सर्व वारसांची नोंद व संमती न झाल्यास, विसाराची संपूर्ण रक्कम 15 दिवसांत बँकेद्वारे परत केली जाईल." विसार धनादेशाने किंवा खात्यावर, आणि पाचही वारसांच्या पावतीवर सह्या. मुदत लांब जाणार असेल तर साठेखत (विक्रीचा करारनामा) नोंदवा.

पहिलं_घर | पुढचा रविवार, रात्री 11:00

आज बसणं झालं. मी, मिस्टर, काका, त्यांची आई, आणि चाळीसगावच्या ताई मुद्दाम आल्या होत्या. एजंटला आधीच सांगितलं की त्याची एक टक्का दलाली मिळेल, पण बोलणी आम्ही करू.

मी कागद पुढे ठेवला. 32 म्हटलं. काकांचा चेहरा पडला, म्हणाले, "पोरी, एवढ्यात मी वडिलांचं घर देऊ?" मी त्यांना खिडकीपाशी नेलं, भेग दाखवली, बाहेरून पण दाखवली. ते म्हणाले, ही तर मी रोज बघतो. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. आजींनी विचारलं, झाड तोडणार का? मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, ते ह्यांनी लावलंय.

काका 36 वर आले, आम्ही 33 वर गेलो. तिथे अडलं. मग चाळीसगावच्या ताईंनी विचारलं की सगळी रक्कम कागदावर आणि बँकेतून येणार ना, मग आईच्या नावाची ठेव त्याच दिवशी करता येईल. मिस्टरांनी हो म्हटलं. वारस नोंदीला लागेल तेवढा वेळ आम्ही थांबू, आणि खरेदीनंतर दोन महिने ते भाडं न देता राहू शकतात, असंही सांगितलं. काकांना पुण्याला भावाजवळ घर शोधायचंय, ते त्यांना फार मोलाचं वाटलं. साडेचौतीसवर हात मिळाला. रोखीचा विषय काकांनी स्वतः काढला नाही.

विसार 50 हजार, धनादेशाने. पण तो आज दिला नाही, पाचही सह्या झाल्यावर देणार. अटी जशाच्या तशा मान्य.

हिशोब: मुद्रांक 5 टक्क्यांनी 1,72,500, नोंदणी 30,000. कर्ज 28 लाख, साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांना हप्ता सुमारे 24,300. दलाली, वकील आणि दुरुस्ती धरली तर हातात जवळपास काहीच उरणार नाही.

तापीकाठ | सोमवार, सकाळी 6:50

मूल्यांकन कमी आलं तर? 33 च्या खाली आलं तरी कर्ज पुरेल का ते शाखेत आजच विचारून ठेवा. बाकी, ताई, छान केलंत.

पहिलं_घर | सात आठवड्यांनंतर, रात्री 10:30

धागा वर आणते आहे.

आखाजी निघून गेली, नाशिकची पार्टी काही आली नाही. वारस नोंद झाली. मूल्यांकन 33 लाख 80 हजार आलं, त्यावर 28 लाख बसले. बँकेच्या वकिलाने पूर्णत्वाचा दाखला मागितला, तो काकांकडे नव्हता, महापालिकेतून प्रत काढायला बारा दिवस गेले. सर्च स्वच्छ.

आज खरेदीखत झालं. पुण्याचे भाऊ सकाळच्या गाडीने आले, सुरतच्या ताई आदल्या रात्रीच पोहोचल्या होत्या. पाच अंगठे, पाच फोटो. आजींना जिना चढवेना, मिस्टरांनी आणि काकांनी खुर्चीत बसवून वर नेलं. सुरतच्या ताईंनी जाताना माझी ओटी भरली आणि कडुलिंबाला पाणी घालून गेल्या.

काळी_माती दादा, भेगेचं काम आता पावसाळ्याआधी करू की माती एकदा फुगून बसल्यावर दिवाळीनंतर?

काळी_माती | त्याच रात्री, 11:15

दिवाळीनंतर. आत्ता फक्त भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा, तडकली तर कळवा. पण फरसबंदीची फट आणि पन्हाळीचं पाणी मृगाआधी बंद करा, पायाशी पाणी मुरायला नको. रविवारी मी पिंप्राळ्याकडे आहे, येऊन बघून जातो.